दुर्बिणीला आतून वाफ धरते, पुसली तरी जात नाही : काय तपासावं, काय करावं

सावंतवाडीहून आंबोली तासाभराच्या वाटेवर आहे. घरून निघताना दुर्बीण लख्ख असायची. वर पोचल्यावर शीळकरी कस्तुर या पक्ष्याची शीळ कानावर आली की दुर्बीण डोळ्याला लावायची. पाच-दहा मिनिटं चित्र छान दिसायचं, मग डाव्या नळीत दुधाळ पडदा यायचा. रुमालाने पुढून पुसलं, मागून पुसलं, तरी पडदा तसाच. संध्याकाळी घरी येऊन पाहावं तर पुन्हा सगळं स्वच्छ. सलग तीन पावसाळे हे असंच चाललं.

दुर्बीण मामांची. ते बोटीवर होते, त्यांनी ती जपली आणि मग मला दिली. जपानी बनावटीची ७×५० (सातपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ५० मिलिमीटरची), मधल्या चाकाने फोकस होणारी, रुंद खांद्यांची, म्हणजे पोरो लोलकांची : आतले काचेचे लोलक प्रकाश वळवतात, म्हणून पुढची भिंगं मागच्यांपेक्षा दूर दूर असतात. अशा दुर्बिणी आजही अनेक घरांत आहेत आणि त्यांची भिंगं उत्तम आहेत. 'आत पाणी गेलंय, टाकून द्या' असं कोणी म्हणालं तर लगेच ऐकू नका. पण 'उन्हात ठेवा, वाळेल' असं म्हणालं तर तेही ऐकू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि त्याचा डाग अजून दुर्बिणीत आहे. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

घरी स्वच्छ आणि घाटावर धूसर, हे कोडं आधी सोडवायला हवं. उपाय त्यातच आहे.

जुलैत सावंतवाडीत हवा साधारण २७ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के धरू. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश येतो. म्हणजे ही हवा २५ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागाला टेकली की तिथे दव धरणार. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. पावसात तिथे २१-२२ अंश असतात. दुर्बिणीच्या पोटात मात्र घरची हवा बसलेली असते. धातूची नळी थंड होत जाते, भिंगाचा आतला पृष्ठभाग २५ च्या खाली येतो आणि पोटातली वाफ तिथेच धरते. घरी परतल्यावर काच तापते आणि दव परत हवेत जातं. चित्र स्वच्छ झालं तरी पाणी कुठे गेलेलं नसतं, ते नळीतच आहे. म्हणून 'आपोआप गेलं' यावर समाधान मानू नये.

यासाठी पाणी किती लागतं? दोन्ही नळ्या मिळून पाव लिटर हवा धरली तर त्या दमट हवेत वाफ असते जेमतेम ६ मिलिग्रॅम. ड्रॉपरच्या एका थेंबाचा आठवा भागसुद्धा नाही. त्यातलं एखाद-दुसरं मिलिग्रॅम काचेवर बसलं तरी समोरचा डोंगर दिसेनासा होतो. म्हणजे दुर्बीण पाण्यात पडायला हवी असं अजिबात नाही. दमट हवा आत गेली तरी पुरतं, आणि ती रोज जाते. मधलं चाक फिरवलं की आयपीसच्या, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगांच्या, नळ्या आत-बाहेर सरकतात. २५ मिलिमीटर व्यासाची नळी ५ मिलिमीटर सरकली की अडीच मिलिलिटर हवा ओढली किंवा ढकलली जाते, म्हणजे अर्धा चहाचा चमचा. सायकलच्या पंपासारखंच काम. शिवाय दिवसा तापली, रात्री निवली की दुर्बीण स्वतःच श्वास घेते, सोडते. ग्रीस, काळा रंग, कागदाच्या किंवा बुचाच्या पट्ट्या यांत ओल मुरते आणि दिवसेंदिवस थोडी थोडी बाहेर येत राहते. म्हणूनच एक दिवस वाळवून काही साधत नाही.

आधी ठरवा : ती वाफच आहे का

काचेमागची प्रत्येक धूसरता पाण्याची नसते. निम्मे लोक इथेच चुकतात असं माझं मत आहे, आणि मीही चुकलो होतो.

खोली अंधारी करा. दुर्बीण उलटी धरा, म्हणजे मोठी भिंगं तुमच्याकडे. आयपीसच्या बाजूने लहान टॉर्च तिरका मारा आणि मोठ्या भिंगातून, हातभर अंतरावरून आत पाहा. मग बाजू बदला : टॉर्च पुढून, डोळा मागून. प्रकाश सरळ डोळ्यात येऊ देऊ नका. तिरक्या उजेडातच सगळं दिसतं.

कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा नेच्याच्या पानासारखे फाटे फुटलेले दिसले तर ती बुरशी. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की ती धरते, आणि तिच्यातून निघणारी आम्लं भिंगावरचा लेप खातात. कडेला इंद्रधनुष्यी रंगाचा पट्टा किंवा ढगासारखा चट्टा असेल तर जोडभिंगांमधला, म्हणजे एकमेकांना चिकटवलेल्या दोन भिंगांमधला, गोंद सुटतोय. जुन्या भिंगांना कॅनडा बाल्सम नावाचा डिंक लावत, तो वयोमानाने सुटतो. एकसारखा निळसर-दुधी थर असेल, ऋतू कुठलाही असला तरी तसाच राहत असेल, तर तो बहुधा ग्रीसचा. ग्रीसमधलं तेल उडून काचेवर बसतं. आणि जो थर बारीक थेंबांचा दिसतो, गरमीत जातो आणि थंडाव्यात येतो, तोच पाण्याचा.

सगळ्यात सोपी कसोटी मार्च-एप्रिलमधली. कोरड्या दुपारी तीच तपासणी करा. तेव्हाही धूसरता असेल तर ती वाफ नव्हे. मग सिलिका जेलवर, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांवर, पैसे घालू नका.

कुठल्या भिंगावर

हे कळणं महत्त्वाचं, कारण ओल कुठून येते त्याचा माग इथूनच लागतो.

बाहेर की आत, हे तर रुमालच सांगतो. एसी गाडीतून उतरल्यावर बाहेरून दव धरतं, ते पुसलं जातं आणि थोड्या वेळाने पुन्हा येतं. तो दोष दुर्बिणीचा नाही. पिशवीत बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी.

आत असेल तर दुर्बीण हळूच डावी-उजवीकडे कलती करत टॉर्चने पाहा. पट्टा किंवा ठिपके पुढच्या कडीला चिकटल्यासारखे, तिच्याच बरोबरीने हलत असतील तर थर पुढच्या भिंगाच्या आतल्या बाजूला आहे. कडी एकीकडे आणि ठिपके दुसरीकडे सरकत असतील तर तो खोल आहे, लोलकावर. उजव्या आयपीसवर डोळ्याच्या नंबरासाठी फिरणारी कडी असते. ती फिरवली आणि ठिपके गोल फिरले तर घाण आयपीसमध्ये. ते जागचे हलले नाहीत तर आयपीस निर्दोष. मला हे कळायला तीन वर्षं लागली, करायला तीस सेकंद लागतात.

माझ्याकडे डाव्या नळीत पुढच्या भिंगामागे दव धरत होतं आणि उजवीकडे आयपीसमध्ये कायमचा थर होता. म्हणजे एकाच दुर्बिणीत दोन वेगळे आजार. दोन्हींवर एकच औषध करत बसल्याने इतकी वर्षं गेली.

थंड पाण्याची चाचणी

आंबोलीला न जाता घरी हे तपासता येतं. काही जण दुर्बीण सरळ फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतात. जुन्या भिंगांना ते करू नका. बाल्सम अशा धक्क्याने सुटतो, आणि बाहेर काढल्यावर सगळी दुर्बीण बाहेरूनही ओली होते.

त्याऐवजी झिपच्या छोट्या पिशवीत पाणी भरा. दुर्बीण आयपीसवर उभी करा, मोठी भिंगं वर. पिशवीतली हवा काढून ती एका भिंगावर अलगद ठेवा, दोन-तीन मिनिटं. उचला, बाहेरचं दव मऊ कापडाने टिपा आणि लगेच तिरका टॉर्च मारा. पिशवी जिथे टेकली होती तिथे आतून पांढरी चकती दिसली तर आतली हवा त्या तापमानाला दव सोडतेय. मग दुसरी नळी. दोन्हींची तुलना करायची, म्हणून एकच दुखणारी नळी तपासून थांबू नका.

याच चाचणीतून आतली आर्द्रता अंदाजे मोजता येते. मत्स्यालयाचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. खोली २८ अंशांची असेल आणि २० अंशांच्या पाण्यानेच चकती उमटली, तर आत ६५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आर्द्रता आहे. २० ला काही नाही पण १५ ला उमटली तर साधारण पन्नाशीच्या खालीवर. १० अंशांनाच उमटली तर पस्तीसच्या आसपास, म्हणजे ठीक. भिंगाची आतली बाजू पाण्यापेक्षा थोडी उबदार राहते, त्यामुळे आकडा काटेकोर नाही, खरी आर्द्रता याहून थोडी जास्तच निघेल. पण वाळवण्याआधी आणि नंतर सारख्याच रीतीने तपासलं तर फरक कळतो, आणि आपल्याला तोच हवा असतो. सुरुवातीला माझी डावी नळी २० अंशांनाच पांढरी पडली, उजवी १५ ला.

एकाच नळीत जास्त ओल, याचा अर्थ तिथेच वाट आहे. पाहिलं तर डाव्या पुढच्या भिंगाची कडी फिरत होती. आट्यांवर पूर्वी लावलेलं मेण किंवा ग्रीस सुकून गेलेलं. कडी हाताने, पकड न लावता, हळूच घट्ट केली.

वाळवणं

तांदूळ नको. मोबाइल तांदळात ठेवायची सवय घरोघरी आहे, पण तांदूळ ओल फारशी शोषत नाही आणि त्याची पूड आट्यांत बसते. हेअर ड्रायर नको. ऊन तर नकोच. पहिल्या वर्षी मी दुर्बीण गच्चीत चार दिवस ठेवली होती. काळी नळी उन्हात इतकी तापते की ग्रीस पातळ होतं, त्यातलं तेल उडून भिंगावर बसतं. उजव्या आयपीसमधला थर त्या उन्हाचा, असं मला वाटतं, कारण त्याआधी तो नव्हता. शिवाय मोठ्या भिंगावर सरळ ऊन पडलं तर आत एका बिंदूवर एकवटून काहीही जाळू शकतं.

घट्ट झाकणाचा, रबरी कडीचा डबा घ्या, दुर्बीण पाय पसरून बसेल इतका. खाली २५०-३०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत घाला. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्या, ओले झाले की ते हिरवट होतात. निळे दाणे दिसायला छान, पण त्यातला कोबाल्ट क्लोराइड अंगाला घातक असतो, मी घरात आणत नाही. डोळ्याला टेकणारे रबरी आयकप काढून ठेवा. फोकस पूर्ण बाहेर काढा, म्हणजे आयपीसच्या नळ्यांभोवतीची फट मोकळी राहते. झाकण लावा.

ओल ज्या फटीतून आत गेली त्याच फटीतून बाहेर येणार, आणि तशीच हळूहळू. एका रात्रीत काही होत नाही. तीन आठवडे धरा. दर तीन-चार दिवसांनी डबा उघडून फोकस पूर्ण आत-बाहेर दहा-बारा वेळा फिरवा आणि पटकन बंद करा. पंप उलटा चालवतोय असं समजा : दमट हवा बाहेर, कोरडी आत. दाणे हिरवे पडले तर बदला. ओले दाणे ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा नारिंगी होतात. ते भांडं मात्र स्वयंपाकाला वापरू नका.

डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. तो कितपत खरं सांगतो ते आधी पाहून घ्या : बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे दोन-चार थेंब टाकून ओलसर करा, विरघळू देऊ नका. ते आणि मापक एका घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दाखवायला हवेत. माझा ८१ दाखवत होता, म्हणून त्याच्या प्रत्येक आकड्यातून मी सहा वजा करतो. दुर्बिणीच्या डब्यात ३५ ते ४५ टक्के पुरे. त्याहून फार कोरडं वर्षानुवर्षं ठेवलं तर ग्रीस आणि वरचं चामडं यांना सोसत नाही.

तीन आठवड्यांनी थंड पाण्याची चाचणी पुन्हा केली. डावी नळी २० ला स्वच्छ, १५ ला अगदी पुसट चकती. आणखी दोन आठवडे ठेवली, मग १५ लाही काही नाही. ऑगस्टच्या शेवटी आंबोलीला गेलो, दोन तास पावसात छत्रीखाली उभा राहिलो, चित्र शेवटपर्यंत स्वच्छ होतं. कस्तुराच्या खांद्यावरचा निळा त्या दिवशी मी पहिल्यांदा धड पाहिला.

जुन्या कॅमेरेवाल्यांची एक युक्तीही खरी आहे : कपाटात छोटा पिवळा बल्ब. २८ अंशांची ८५ टक्के दमट हवा ३३ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ६५ च्या आसपास उतरते. पाणी तेवढंच राहतं, पण बुरशीला तितकं पोषक उरत नाही. मात्र हे बुरशी टाळण्यापुरतं. आतली ओल याने निघत नाही, आणि कपड्यांच्या कपाटात उघडा बल्ब आग लावू शकतो. एलईडी बल्ब पुरेसा तापतही नाही. डबा बरा.

नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणी आणि रायफलचे स्कोप

'नायट्रोजन भरलाय, म्हणून वाफ धरत नाही' असं दुकानात सांगतात. आपल्या आजूबाजूच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. खरी गोष्ट अशी की भरलेला वायू कोरडा असतो आणि रबरी कड्या तो आत धरून ठेवतात. अशा दुर्बिणीत फोकसचं भिंग आतच सरकतं, त्यामुळे पंप नाही. पण रबर कडक होतं, तडकतं. मग ती दुर्बीणही श्वास घेऊ लागते आणि तिचीही गत मामांच्या दुर्बिणीसारखी होते. एक फरक मात्र आहे : फट बारीक असल्यामुळे ती वाळायलाही फार वेळ लागतो, आणि तिथे कड्या बदलून वायू पुन्हा भरून घेणं हाच खरा उपाय.

जुन्या रायफल स्कोपची, म्हणजे रायफलवर बसवायच्या नेम धरण्याच्या दुर्बिणीची, तपासणी याच रीतीने करता येते, फक्त रायफल रिकामी आहे याची खात्री करून स्कोप आधी उतरवून घ्यावा. तिथे पाहायच्या जागा तीन : पुढचं भिंग, आयपीसची फिरती कडी आणि वर-बाजूला असलेल्या, नेम जुळवायच्या बटणांच्या टोप्या. टोप्यांखालची रबरी कडी बहुतेक वेळा हरवलेली किंवा चपटी झालेली असते. काही जण स्कोप ४५-५० अंशांच्या कोमट पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहतात. एकाच जागेवरून साखळी निघाली तर गळती तिथे. धडधाकट, जलरोधक म्हणून बनवलेल्या स्कोपला हे चालेल. ज्याला आधीच आतून वाफ धरते त्याला मात्र कधीही बुडवू नका. पाणी निवताना आतली हवा आकुंचन पावते आणि तीच फट पाणी ओढून घेते.

खोलावी की नाही

पुढच्या भिंगाची कडी घट्ट करणं ठीक. लोलकांवरची झाकणं उघडू नका. लोलक किंचित हलला तरी दोन्ही नळ्यांची चित्रं एकमेकांवर बसत नाहीत. माझी दुर्बीण दुसऱ्या वर्षी एका दुरुस्तीवाल्याकडे उघडली गेली आणि परत आली तेव्हा विजेच्या एका तारेच्या दोन तारा दिसत होत्या. डोळे ओढून धरतात, अर्ध्या तासात डोकं दुखतं. ती पुन्हा जुळवून घ्यायला वेगळी जागा शोधावी लागली.

म्हणून कोणाकडेही द्यायच्या आधी एकच विचारा : साफ केल्यावर दोन्ही नळ्या जुळवून देणार का, आणि त्यासाठी साधन आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुर्बीण घेऊन परत या. परत मिळाली की तिथेच उभं राहून दूरच्या आडव्या तारेकडे पाहा. तार एक दिसायला हवी. मग दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर दूर न्या. तार दोन्ही वर्तुळांत एकाच उंचीवर हवी. एकीकडे वर आणि एकीकडे खाली असेल तर पैसे देऊ नका.

उजव्या आयपीसमधला तेलाचा थर अजून आहे. तो डब्यात जाणार नाही. पावसाळा संपला की फक्त आयपीस काढून साफ करून घेणार आहे, लोलकाला हात न लावता. तोवर दुर्बीण डब्यात, आणि मे अखेरीस पुन्हा एकदा पंधरा अंशांचं पाणी.